विश्लेषण : रहस्यकथाकारांच्या क्लबला शवविच्छेदन करणारा डॉक्टर कशाला हवा?

‘या विषाने माणूस किती वेळात मरेल?’ असे एखाद्या अनोळखी माणसाने विचारले तर कोणताही डॉक्टर सावध होईल. ब्रिटन-अमेरिकेतल्या रहस्यकथाप्रेमींच्या स्थानिक क्लबांत मात्र हा प्रश्न अगदी साधा मानला जातो. त्याचे उत्तर द्यायला न्यायवैद्यक तज्ज्ञ, निवृत्त पोलीस अधिकारी आणि फौजदारी वकील हौसेने येतात. समोर लेखक बसलेले असतात, तसे निव्वळ वाचकही. या व्याख्यानांतून गोष्ट सुधारते हे तर खरेच, पण त्यांचे महत्त्व तेवढ्यावर संपत नाही.

असे क्लब कधीपासून?

लंडनचा ‘डिटेक्शन क्लब’ १९३०चा. जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स सदस्य. नव्या सदस्याला शपथ घ्यावी लागे, की आपला गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा योगायोगाने नव्हे, तर बुद्धीनेच गुन्हा उकलेल. थोडक्यात, वाचकाशी लबाडी नको. अमेरिकेत १९४५ साली ‘मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिका’ उभी राहिली आणि तिच्या प्रादेशिक शाखा निघाल्या. ‘गुन्हा फायद्याचा नसतो’ या इंग्रजी म्हणीला ‘पुरेसा’ हा शब्द जोडून तिने आपले ब्रीदवाक्य केले, त्यातून लेखकांच्या मानधनाची स्थिती कळते. १९८६ मध्ये सारा पॅरेट्स्की यांच्या पुढाकाराने ‘सिस्टर्स इन क्राइम’ ही संघटना सुरू झाली. रहस्यकथा लिहिणाऱ्या स्त्रियांना परीक्षणांत डावलले जाते, ही त्यामागची तक्रार होती. तिचे दार वाचकांनाही खुले आहे.

तज्ज्ञाला विचारले नाही तर काय बिघडते?

सेयर्स यांच्या १९२७च्या एका कादंबरीत खुनी साध्या सिरिंजने शरीरात हवा सोडतो. कल्पना भन्नाट, पण वैद्यकीयदृष्ट्या लंगडी. प्रौढ माणूस दगावण्यासाठी लागणारी हवा तेवढ्याशा सिरिंजमध्ये मावतच नाही, असे डॉक्टर तेव्हापासून सांगत आले आहेत. पुढे १९३०च्या एका पुस्तकासाठी सेयर्स यांनी रॉबर्ट युस्टेस या टोपणनावाने लिहिणाऱ्या डॉक्टरलाच सहलेखक म्हणून सोबत घेतले.

ख्रिस्ती यांना तज्ज्ञ शोधावा लागला नाही. पहिल्या महायुद्धात त्या रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या. औषधे तयार करण्याची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. त्यांच्या १९६१च्या एका कादंबरीत थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे नेमकी आली आहेत. (नावे दिली तर रहस्य फुटेल, म्हणून या दोन्ही कादंबऱ्या येथे निनावी.) १९७७ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेल्या तान्ह्या मुलीच्या आजाराचे निदान होत नव्हते. ती कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेला मुलीचे गळणारे केस पाहून शंका आली. तपासणी झाली, थॅलियमच निघाले आणि योग्य उपचारांमुळे मुलगी सुधारली. डॉक्टरांनी या रुग्णाविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना ख्रिस्ती यांचे आभार मानले. ख्रिस्ती मात्र आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

व्याख्यानातून आणखी काय निघते?

फ्रान्सेस ग्लेसनर ली या धनाढ्य महिलेने हार्वर्डमध्ये न्यायवैद्यक विभागासाठी पैसा दिला आणि पोलिसांसाठी चर्चासत्रे सुरू केली. तिथे शिकवण्यासाठी त्यांनी बाहुलीघराएवढी, बारकाव्यांसह हुबेहूब घटनास्थळे तयार करवून घेतली. त्यांतली १८ बाल्टिमोरमध्ये आजही प्रशिक्षणासाठी वापरली जातात. या चर्चासत्रांना बसलेल्या मोजक्या बाहेरच्यांपैकी एक होते पेरी मेसनचे जनक अर्ल स्टॅनली गार्डनर. ते स्वतः वकील. १९४८ पासून त्यांनी ‘आर्गसी’ मासिकातून, चुकीने शिक्षा झाल्याचा संशय असलेल्या कैद्यांची प्रकरणे तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेण्याची मोहीम चालवली.

चुकीच्या कल्पनांचा प्रवासही असाच होतो. दूरचित्रवाणीवर ‘सीएसआय’सारख्या मालिका गाजल्यावर ज्युरी प्रत्येक खटल्यात डीएनए मागतील, अशी भीती अमेरिकेत व्यक्त होऊ लागली. मिशिगनमध्ये २००६ साली ज्युरीसाठी बोलावलेल्या सुमारे हजार नागरिकांना विचारले गेले, तेव्हा ४६ टक्क्यांनी प्रत्येक फौजदारी खटल्यात कोणता ना कोणता वैज्ञानिक पुरावा अपेक्षित असल्याचे सांगितले. तो नसला म्हणून या मालिका पाहणारे आरोपीला सरसकट सोडतील, असे मात्र त्यात दिसले नाही. म्हणूनच व्याख्यानाला आलेला चांगला तज्ज्ञ युक्त्या कमी पुरवतो आणि ‘हे सांगता येत नाही’ असे अधिक वेळा म्हणतो. ते उत्तर लेखकाला नकोसे वाटते, कारण मृत्यू ‘रात्री सव्वादहाला’ झाला, हे ठरले की कथानक सुटसुटीत होते.

मराठी लेखकाला यातून काय घेण्यासारखे?

बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. अडचण उसन्या विज्ञानाची आहे. मृतदेह तासाला अमुक अंश थंड होतो, हा हिशोब थंड देशांतला. नागपूरच्या मे महिन्यात हवाच शरीराहून तापलेली असते, तेव्हा देह थंड होईल कसा? मरणोत्तर ताठरताही उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर ओसरते. इंग्रजी कादंबरीतला निष्कर्ष जसाच्या तसा विदर्भात आणला, तर निरपराध माणूस गुन्हेगार ठरेल. कागदावर का होईना.

कायद्याचेही तसेच. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. त्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढाच भाग ग्राह्य. जुन्या पुरावा कायद्यातली ही तरतूद आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. शेवटच्या प्रकरणात इन्स्पेक्टरसमोर खुनी घडाघडा बोलतो आणि गोष्ट संपते. न्यायालयात खटला तिथून सुरू होतो. नार्को चाचणी संमतीशिवाय करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केले. आपल्याकडे आज ज्युरी नाही, पण अशा कथा पंच, साक्षीदार आणि मृताचे नातेवाईकही वाचतात, पाहतात. ‘नार्को करा’ ही मागणी गाजलेल्या प्रत्येक प्रकरणात होते, ती उगाच नव्हे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळ भेट आणि चित्रीकरण बंधनकारक केले आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातला आजचा खून रंगवणाऱ्या लेखकाला तज्ज्ञाला आधी हेच विचारावे लागेल : तुमचे पथक तिथे पोहोचते का, आणि किती तासांत?