निमुळते कातकाम : ‘टेपर’चा कोन आणि त्याचा अर्थ

दंडगोलाचा व्यास एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे समप्रमाणात घटत गेला म्हणजे जो आकार सिद्ध होतो, त्यास कारखान्यात ‘टेपर’ म्हणतात. ‘निमुळता’ हा चांगला मराठी शब्द हाताशी असूनही तो लेथवर फारसा रुळला नाही. ‘निमुळता’ने आकार सुचतो, प्रमाण सुचत नाही, आणि कातारकाम करणाऱ्यास प्रमाणाचीच गरज असते.

आराखड्यावर ‘टेपर १:२०’ असे लिहिलेले असते. २० मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने घटतो, असा त्याचा अर्थ होय. त्रिज्या अर्थातच अर्ध्या मिलिमीटरने घटते. येथे शंकूचा पूर्ण कोन सुमारे २ अंश ५२ कला असतो, परंतु कंपाउंड स्लाइड फिरवावयाची ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे १ अंश २६ कला. नुसत्या ‘टेपरचा कोन’ या शब्दप्रयोगातून यांपैकी कोणता कोन अभिप्रेत आहे ते कळत नाही, आणि शिकाऊ कामगार नेमका येथेच फसतो. पूर्ण कोन लावल्यास ४० मिलिमीटर व्यासाचा जॉब ८० मिलिमीटर अंतरावर ३६ऐवजी ३२ मिलिमीटर उतरतो.

ही चूक निदान मापताच उघड होते. हत्याराचे टोक केंद्ररेषेच्या वर वा खाली राहिल्यास होणारी चूक अधिक कपटी आहे. अशा वेळी शंकूची बाजू सरळ न राहता अपास्ताप्रमाणे किंचित् वक्र, मध्यभागी खोलगट होते. जॉब नीट बसल्याचा भास होतो. निळा रंग लावून पाहावे तर स्पर्श केवळ दोन टोकांशी! केवळ घर्षणाने पकड धरणारा असा सांधा भाराखाली सुटला, तर इजा शेजारी उभ्या असलेल्यास होते.

लांब जॉबसाठी टेलस्टॉक बाजूस सरकवितात. २५० मिलिमीटर लांबीच्या जॉबला १:२० टेपर देण्यास सुमारे ६.२५ मिलिमीटर सरकविणे पुरते. मात्र जॉबची लांबी बदलली की त्याच सरकवणीने टेपरही बदलतो. शिवाय सेंटर तिरपे टेकल्याने स्पर्श अपुरा राहतो, तापून झिजते. म्हणून तेल द्यावे, शक्यतो गोल टोकाचे सेंटर वापरावे.

कंपाउंड हाताने चालविताना हात चकच्या निकट येतो. यंत्र सुरू करण्यापूर्वी चकची चावी काढून, चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून स्लाइड जबड्यांना अडत नाही हे पाहावे. हातमोजे व सैल बाह्या येथे सर्वथा वर्ज्य. गेज लावावयाचा तो स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच. अल्प कोनाचा टेपर फिरता असताना गेजला घट्ट धरतो व हातासकट ओढतो. काम संपताच टेलस्टॉक पुन्हा मूळ रेषेत आणावा, नाहीतर दुसऱ्या पाळीच्या कामगाराचा सरळ दंडगोलही नकळत टेपर होतो.