पऱ्हाटी कोण पचवणार?

चिंतामणीच्या कळंबभोवतीच्या शिवारात कापसाची शेवटची वेचणी आटोपली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायला घेतात. थोड्या चुलीसाठी रचल्या जातात, बऱ्याचशा पेटवल्या जातात. गंमत अशी, की याच झाडाचा कापूस ओल्या मातीत राहिला तर काळा पडून पाहता पाहता विरतो. पऱ्हाटी मात्र लवकर दाद देत नाही.

कापसाचा धागा म्हणजे नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, अर्थात ग्लुकोजच्या हजारो कड्यांची साखळी. भाकरीतला स्टार्चही ग्लुकोजचाच. फरक कड्या जोडण्याच्या तऱ्हेत. तेवढ्यामुळे भाकर आपल्याला पचते, कापूस पचत नाही.

बुरशीला पचतो. तिला ना तोंड, ना पोट. ती पाचक विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेरच सोडते. एक विकर साखळी मध्येच तोडतं, दुसरं मोकळ्या टोकाकडून दोन-दोन कड्या काढत जातं, तिसरं त्या जोड्या फोडतं. सुटलेली साखर बुरशीचे तंतू शोषून घेतात.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान अशाच बुरशीनं कुजवलं. एल्विन रीझ आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी तिच्यावर वर्षानुवर्षं काम केलं. रीझ यांच्यावरूनच ती ‘ट्रायकोडर्मा रीझी’ झाली. मर रोगासाठी बियाण्याला चोळतात त्या ट्रायकोडर्माची ही सख्खी बहीण. जीन्सला जुनाट, मऊ रूप द्यायला आज हिचीच विकरं वापरतात!

पऱ्हाटीत मात्र जवळपास पाव हिस्सा लिग्निन असतं. सेल्युलोजच्या धाग्यांभोवती ते लिंपणासारखं बसतं, आणि त्याची जोडणी इतकी वेडीवाकडी, की ठरावीक सांधा हेरून कापणाऱ्या विकरांचं काही चालत नाही. इथे लागते पांढरी कूज घडवणारी बुरशी. ती लिग्निनला ऑक्सिडीकरणानं, जवळजवळ जाळतच, फोडते. लिग्निन फोडणारं अशा बुरशीचं खास विकर 1983 मध्ये सापडलं.

बाजारात मिळणारी धिंगरी अळंबी याच घराण्यातली. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीच्या तुकड्यांवर ती वाढवण्याची पद्धत बसवली आहे. शेतात पऱ्हाट्या उभ्या ठेवणं तसंही धोक्याचं. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. तेव्हा त्या उपटाव्यातच, पण यंदा सगळ्याच पेटवू नयेत. एक भारा बारीक करून, भिजवून, गरम पाण्यात निर्जंतुक करून धिंगरीच्या बियाण्यासोबत पिशवीत भरून पाहावा. दोन-तीन आठवड्यांत तो आतून पांढरा होतो.