जमिनीचा संमिश्र संरोध : आकाशकाची प्रतिमा आणि रायपूरची माती

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात ‘भूमी’ हे रूपक आपण सहज वापरतो. कृती एका भूमीतून दुसरीत जाते आणि तेथे रुजते. रेडिओविज्ञानात भूमी मोजावी लागते, आणि त्या मोजमापातील ‘प्रतिमा’ व ‘काल्पनिक’ या संज्ञा ओळखीच्या वाटतात म्हणूनच आपली दिशाभूल करतात.

रायपूर आकाशवाणीच्या मध्यम लहरींची वारंवारता ९८१ किलोहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३०६ मीटर. उभ्या आकाशकाचे (अँटेनाचे) गणित मांडताना प्रथम जमीन हा निर्दोष आरसा मानतात आणि मनोऱ्याखाली तेवढाच उलटा मनोरा कल्पितात. हीच ‘प्रतिमा’. प्रत्यक्षात माती लहरीची काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळते, काही क्षणभर साठवून परत करते. गिळण्याचा हिशेब संरोधाच्या वास्तव भागात, साठवणुकीचा काल्पनिक भागात येतो. येथे ‘काल्पनिक’ म्हणजे खोटे नव्हे. पाव आवर्तनाने पुढेमागे असलेले, एवढेच. (हिंदी पाठ्यपुस्तकांतील ‘प्रतिबाधा’ काय किंवा आपला ‘संरोध’ काय, दोन्हींत अडथळाच ऐकू येतो, परतफेड ऐकू येत नाही.)

छत्तीसगढी शेतकरी काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीला कन्हार म्हणतो आणि लालसर, मुरमाड जमिनीला भाटा. उदाहरणापुरते ओल्या कन्हारची संवाहकता ०.०१ सीमेन्स प्रतिमीटर व कोरड्या भाट्याची ०.००१ मानू, विद्युत् अपारक स्थिरांक सोयीसाठी दोहोंचा १५. निर्वात अवकाशाचा संरोध ३७७ ओहम. त्यापुढे कन्हारचा पृष्ठसंरोध सुमारे २८ ओहम येतो व कलांतर ४३ अंश, म्हणजे गिळणे आणि साठवणे जवळजवळ समसमान. भाट्याचा संरोध ७७ ओहम, कलांतर २५ अंश. मनोरा तोच, प्रवाह तोच. प्रतिमा मात्र वेगळी. १०० मेगाहर्ट्झला तर ओली कन्हारही धातूपेक्षा अपारक पदार्थासारखी अधिक वागते. जमीन वाहक आहे की नाही, हा प्रश्न वारंवारता सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

सोमरफेल्ड यांनी १९०९ मध्ये या प्रश्नाचे काटेकोर गणित मांडले. संगणकीय प्रतिमाने आजही त्याचाच आधार घेतात. व्यवहारातला उपाय ब्राउन, लुईस व एप्स्टाइन यांच्या १९३७ च्या प्रयोगांनी पक्का केला : मनोऱ्याभोवती तांब्याच्या शंभराहून अधिक तारा चक्राच्या आऱ्यांसारख्या पुराव्यात. त्यामुळे पायथ्याशी होणारा ऊर्जाव्यय आवरतो. तारांच्या टोकापलीकडे मात्र पुन्हा कन्हार किंवा भाटाच असतो, आणि कोरड्या भाट्यावरून जाणारी भूलहर लवकर क्षीण होते.