झुंबरे उजळवण्यामागचे शास्त्र

हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातील खिलवत मुबारक या दरबार दालनात पाऊल टाकताच पाहणाऱ्याची नजर संगमरवरी तख्ताआधी छताकडे जाते. तेथे स्फटिक काचेची १९ भव्य झुंबरे टांगलेली आहेत. १९४८ पर्यंत मराठवाड्यावरही ज्यांची सत्ता होती, त्या निजामांचा हा दरबार. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे १९६७ मध्ये निधन झाले आणि ही वास्तू दीर्घकाळ उपेक्षेच्या अंधारात गेली. २००० च्या सुमारास प्रिन्सेस एसरा यांच्या पुढाकाराने आणि वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. २००५ मध्ये राजवाडा संग्रहालय म्हणून जनतेसाठी खुला झाला आणि झुंबरे पुन्हा आपल्या जागी विराजमान झाली. २०१० मध्ये या कामाला युनेस्कोचा वारसा जतन पुरस्कारही मिळाला.

पाहणाऱ्याला वाटते, धूळ पुसली, तुटके लोलक बदलले, नवे बल्ब लावले की काम झाले. प्रत्यक्षात जुन्या संग्रहालयातील दिव्यांचे पुनरुज्जीवन हे जतनशास्त्रातील अत्यंत नाजूक काम मानले जाते. कारण येथे एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात : दिवा आणि त्याच्या उजेडात ठेवलेल्या वस्तू. एकीला न्याय देताना दुसरीवर अन्याय होण्याचा धोका सतत असतो.

दिव्याच्या अंगावरचा इतिहास

एकोणिसाव्या शतकातील एखादे झुंबर अनेकदा तीन युगे पाहून आलेले असते. प्रथम मेणबत्त्या, मग कोळशाचा गॅस आणि शेवटी वीज. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले, तर क्रॉफर्ड मार्केट १८८२ मध्ये विजेच्या दिव्यांनी उजळले. या स्थित्यंतराच्या खुणा दिव्याच्या अंगावर राहतात. पितळी दांडी आतून पोकळ असेल आणि तिच्यावर छोटी तोटी असेल, तर तेथून कधीकाळी गॅस वाहत होता. ज्योत वरच जाते, म्हणून गॅसच्या दिव्याचे तोंड बहुधा वर असे. विजेच्या बल्बला ते बंधन नव्हते. त्याचे तोंड खाली करता येऊ लागले. विजेचा भरवसा नव्हता त्या काळात तर काही दांड्या वर आणि काही खाली, असे दुहेरी दिवेही बनवले गेले.

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी पहिला प्रश्न येतो, दिवा नेमक्या कोणत्या काळाचा दाखवायचा? विजेसाठी केलेले बदल काढून टाकले, तर मूळ रूप मिळेल. पण शंभर वर्षांचा इतिहास पुसला जाईल. त्यामुळे जुनी तोटी निरुपयोगी झाली तरी ती जागेवर ठेवावी, असा आज जाणकारांचा कल असतो.

काम कसे चालते?

झुंबर उतरवण्याआधी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली जातात, रेखाचित्र काढले जाते आणि प्रत्येक भागाला क्रमांक दिला जातो. शेकडो लोलक दिसायला सारखे असले तरी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. क्रम चुकला की तोल जातो आणि झुंबर एका बाजूला कलते.

काच स्वच्छ करण्यासाठी कोमट शुद्ध पाणी आणि सौम्य साबण पुरेसे असतात. बाजारात मिळणाऱ्या, अमोनिया असलेल्या काच पुसण्याच्या द्रावणांपासून मात्र दूर राहावे लागते. अमोनियामुळे ताणाखाली असलेल्या पितळेला सूक्ष्म तडे जातात आणि लोलक धरून ठेवणाऱ्या बारीक तारा तर सतत ताणाखालीच असतात. टांगलेल्या झुंबरावर फवारा मारून केलेली सफाईही घातक, कारण पाणी तारांच्या वेटोळ्यांत आणि विजेच्या जोडांत झिरपते. काचेच्या दांड्या पितळी खोबणीत अनेकदा प्लास्टरने बसवलेल्या असतात. तेथे ओल गेली की पकड सैल होते.

पितळेच्या बाबतीत आपली घरची सवय आड येते. चिंच-मीठ लावून भांडी लखलखीत करण्याची पद्धत देवघरातील समईला ठीक. परंतु जुन्या दिव्यांच्या पितळेवर पुष्कळदा सोन्याचा मुलामा किंवा सोनेरी छटेच्या लाखेचा पातळ थर असतो. आम्लाने आणि घासण्याने तो कायमचा निघून जातो. अशा ‘चकचकीत’ झालेल्या दिव्याचे मूळ रूप मग परत आणता येत नाही.

हरवलेले लोलक नव्याने करून घेताना आधी जुन्या काचेची जात ओळखावी लागते. शिसेयुक्त स्फटिक काच अतिनील दिव्याखाली निळसर चमकते, साधी काच तशी चमकत नाही. नवा लोलक दुरून वेगळा दिसू नये; पण जवळून तपासणाऱ्याला तो नवा आहे हे कळावे, म्हणून त्यावर बारीक खूण करण्याची पद्धत आहे.

शेवटी प्रश्न भाराचा. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याच्या जयविलास राजवाड्यातील प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद तपासण्यात आली, अशी आख्यायिका सांगितली जाते. आता हत्तींची जागा भारचाचणीने घेतली आहे. छतातील जुनी लोखंडी कडी आतून गंजलेली असू शकते. म्हणून प्रत्यक्ष वजनाहून अधिक भार देऊन ती पारखतात आणि मूळ साखळीबरोबर आधाराची पोलादी तारही जोडतात. कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या ठिसूळ झालेल्या जुन्या वायरी बदलाव्याच लागतात. नव्या वायरी त्याच पोकळ दांड्यांतून, एकही नवे छिद्र न पाडता ओवणे ही खरी कसोटी.

उजेड किती असावा?

संग्रहालयात दिवे लावावेत की नाही, हा वाद जुना आहे. लंडनचे साऊथ केन्सिंग्टन म्युझियम (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) १८५७ मध्ये सुरू झाले, तेव्हापासूनच ते गॅसच्या उजेडात संध्याकाळीही उघडे असे. दिवसभर राबणाऱ्या कामगारांनाही कला पाहता यावी, हा संचालक हेन्री कोल यांचा आग्रह होता. गॅसमुळे चित्रे खराब होतील काय, हे तपासणाऱ्या समितीत मायकेल फॅरडे यांच्यासारखे शास्त्रज्ञ होते. वायुवीजन चांगले असेल तर गॅसला हरकत नाही, असा निर्वाळा समितीने १८५९ मध्ये दिला. आगीच्या भीतीने ब्रिटिश म्युझियमने मात्र गॅस नाकारला. तेथील दालने रात्री खुली झाली ती १८९० मध्ये, विजेच्या दिव्यांत. दरम्यान, प्रकाशामुळेच जलरंग फिके पडतात, हे रसेल आणि ॲबनी यांनी १८८८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते.

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून येत नाही. त्यामुळे वस्त्रे, जलरंगातील चित्रे, हस्तलिखिते यांच्यावर सुमारे ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू नये, असा संकेत आहे. तैलचित्रांसाठी ही मर्यादा १५० ते २०० लक्स मानली जाते. झुंबराच्या प्रत्येक दांडीवर प्रखर बल्ब बसवले, तर दालन दिमाखदार दिसेल. पण खाली मांडलेला जरीचा पोशाख मूकपणे विटत राहील.

एलईडीने येथे मोठी सोय केली आहे. तिचा प्रकाश बहुधा अतिनील किरणांपासून मुक्त असतो, उष्णता कमी असते आणि मंद करण्याची सोयही मिळते. मात्र पांढराफटक एलईडी लावला की स्फटिकाचा जीव जातो. मेणबत्तीचा उजेड तांबूस असे; त्याच्या जवळ जाणारी उबदार छटा निवडावी लागते. अनेक ठिकाणी झुंबर केवळ स्वतः चमकेल इतके मंद ठेवतात आणि वस्तूंसाठी नजरेआड वेगळे दिवे योजतात.

हे सारे काम केवळ विजेचे काम समजून उरकले, की दिवे लागतात, पण वारसा विझतो. उलट नीट जतन केलेल्या दिव्याचा उजेड किंचित मंदच असतो. अशा दालनात शिरल्यावर काळोखाला सरावायला डोळ्यांना क्षणभर वेळ लागला, तर तक्रार करण्याचे कारण नाही. पुढच्या पिढीला पाहायला काही शिल्लक राहावे, म्हणूनच तो उजेड मंद ठेवलेला असतो.