पाहुण्यांना पहारा, दिल्ली वाऱ्यावर!

परदेशी क्रिकेट संघ आला की विमानतळापासून हॉटेलपर्यंत पोलिसांच्या गाड्या, मैदानाच्या दारात झडती, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. एखादा संघ दौरा सोडून परतला तर मात्र आपण त्याला चटकन ‘घाबरट’ म्हणून मोकळे होतो. पण राहायचे की परतायचे, हा निर्णय किती जीवघेणा असतो! १९८४ साली भारतात आलेल्या इंग्लंडच्या संघाला विचारा.

डेव्हिड गॉवरचा संघ ३१ ऑक्टोबरला पहाटे दिल्लीत उतरला. प्रवासाचा शीण जायच्या आतच, सकाळी साडेनऊच्या सुमारास, पंतप्रधान इंदिरा गांधींवर त्यांच्याच अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. देशातला सर्वांत कडक पहारा असलेल्या घरातच घात झाला. मग पाहुण्यांना सुरक्षेची हमी कोणी आणि कोणत्या तोंडाने द्यायची?

मारेकरी शीख होते, एवढ्यावरून राजधानीत शिखांची कत्तल सुरू झाली. काही दिवसांनी इंग्लंडचा संघ सरावासाठी श्रीलंकेला निघून गेला. त्रिलोकपुरीतल्या शीख कुटुंबांना जायला श्रीलंका नव्हती. एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली, हा सरकारी आकडा. पाहुण्यांना सांभाळणारे पोलीस या वस्त्यांत का पोहोचले नाहीत, हा प्रश्न आजही बोचतो.

संघ परत आला आणि पुढे मुंबईच्या कसोटीची वेळ आली. ब्रिटनचे मुंबईतील उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांनी खेळाडूंना मेजवानी दिली. दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला सकाळी, कचेरीत जाताना मोटारीतच नॉरिस यांची गोळ्या घालून हत्या झाली. आदल्या संध्याकाळचा यजमान गेला! काही खेळाडूंना घर गाठावेसे वाटले, यात नवल ते काय? तरीही २८ तारखेला वानखेडेवर नाणेफेक झाली. शिवरामकृष्णनने १२ बळी घेतले आणि इंग्लंड हरले. एवढ्या धक्क्यानंतर कोणाचे चित्त खेळावर राहील?

पण पुढची कसोटी १२ डिसेंबरपासून दिल्लीतच, फिरोजशाह कोटलावर होती. यमुना ओलांडली की त्रिलोकपुरी. तिथे रॉबिन्सनने १६० धावा काढल्या, इंग्लंडने ८ गडी राखून सामना जिंकला आणि पुढे मालिकाही २-१ अशी खिशात घातली.

२००८ साली २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर मात्र पीटरसनचा संघ मायदेशी गेला. गुवाहाटी आणि दिल्लीचे एकदिवसीय सामने रद्द झाले. आपल्याकडे कुरकुर झालीच. पण तो संघ दोन आठवड्यांच्या आत कसोटी खेळायला परत आला, हे आपण विसरतो. अहमदाबादची कसोटी चेन्नईला गेली, मुंबईची मोहालीला. चेन्नईत ३८७ धावांचा पाठलाग करताना सचिनने नाबाद १०३ धावा काढल्या आणि ते शतक मुंबईकरांना अर्पण केले. मुंबईकरांनी ते टीव्हीवर पाहिले.