ट्रंकेतलं पासबुक

मुलांनो, सोलापूरहून गाडीने निघालात की थोड्याच वेळात आमचं होटगी जंक्शन येतं. इथून एक रूळ वाडीकडे जातो, तर दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे वळतो. एकाच फलाटावर उभी राहिलेली माणसं पुढे किती वेगवेगळ्या गावांना जातात! दहावी-बारावीनंतर तुमच्याही आयुष्यात असंच एक जंक्शन येतं. शिकायचं तर असतं, पण तिकिटाचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पडतो. आज मी तुम्हांला त्या तिकिटाची गोष्ट सांगणार आहे. गोष्ट खरी आहे, फक्त त्यातल्या मुलीचं नाव मी सांगणार नाही.

चौथीत ती माझ्या वर्गात होती. तिची आई घरी बसून विड्या वळायची आणि वडील मिळेल त्या कामाला जायचे. पोरगी गणितात मोठी तल्लख. आठवीत तिने एन.एम.एम.एस. परीक्षा दिली आणि पासही झाली. घरात केवढा आनंद! वर्षाला १२,००० रुपये मिळणार होते. पण नववी संपली, दहावी सुरू झाली, तरी बँकेत एक पैसा जमा झाला नाही. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझं नाव कटलं असेल बघ." ती बिचारी रडवेली होऊन आईला घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, फॉर्म तर बरोबर भरला होता की हो. मग असं कसं झालं?" तिच्या आईने विचारलं.

मी फॉर्म पाहिला. सगळं बरोबर होतं. खातं आठवीत असताना नवीन उघडलेलं होतं. मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. मी विचारलं, "अक्का, ही चौथीत असताना आपण शाळेतल्या पोरांची बँकेत खाती उघडली होती. ते पासबुक कुठं आहे?"

दोघी घरी पळाल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा हातात एक जुनं, कडा कुरतडलेलं पासबुक होतं. घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, ते इतकी वर्षं पडून होतं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्यावर नोंदी छापून आणल्या आणि काय सांगू! पूर्ण १२,००० रुपये तिथे मुकाट्याने बसलेले होते.

असं का झालं? सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे आता आधार क्रमांकाच्या आधाराने थेट खात्यात जातात. फॉर्मवर तुम्ही कुठलाही खाते क्रमांक लिहा, पैसे जातात ते आधारशी जोडलेल्या खात्यात. तिचं आधार जुन्याच खात्याला जोडलेलं राहिलं होतं. चूक कुणाचीच नव्हती, फक्त माहिती नव्हती. त्या माहितीपायी एका हुशार मुलीचं मन मात्र वर्षभर खचलं होतं.

हे पैसे देतं कोण?

तुम्ही म्हणाल, सरकार देतं. बरोबर. पण सरकारकडे पैसे येतात कुठून? तुम्ही दुकानातून बिस्किटाचा पुडा किंवा साबणाची वडी घेता, तेव्हा किमतीत थोडा कर भरलेला असतो. म्हणजे विड्या वळणाऱ्या आईनेही तो भरलेला असतो. असा थेंबे थेंबे साठलेला पैसा शिष्यवृत्ती होऊन तुमच्याकडे परत येतो. ही भीक नव्हे. सगळ्या समाजाने मिळून तुमच्यावर टाकलेला तो विश्वास आहे.

आपल्याकडे ही पद्धत जुनी आहे. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ सालापासून खेड्यांतल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांना शहरात राहून शिकता आलं ते त्यांच्यामुळे. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ साली एका हुशार तरुणाला अमेरिकेत शिकायला दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्ती दिली, तीही तीन वर्षं. तो तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर. ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? विचार करून बघा.

पुढे राजांची जागा लोकांच्या सरकारने घेतली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत सुरू झाली. तुमच्या आजोबांना विचारा, त्यांच्या वेळच्या किती तरी जणांचं शिक्षण 'ई.बी.सी.' वर झालेलं असेल. १९८० च्या दशकात महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत झालं. तिच्या आईच्या पिढीतल्या मुली शाळेत टिकल्या त्यात या निर्णयाचाही वाटा आहे.

शाळेतच पाया घाला

कॉलेजच्या मदतीची तयारी शाळेत असतानाच सुरू होते, बरं का. ज्या एन.एम.एम.एस.चा उल्लेख वर आला, ती केंद्र सरकारची योजना २००८ साली सुरू झाली. आठवीत परीक्षा असते. एक पेपर बौद्धिक क्षमतेचा आणि दुसरा शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. जिल्हा परिषद, नगरपालिका, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना तिला बसता येतं. आईवडिलांचं मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये मिळतात. मात्र अकरावी-बारावीतही ती चालू राहावी म्हणून दहावीत ६० टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना यात पाच टक्क्यांची सूट आहे.

आमच्या या मुलीने हे गुण टिकवले. अकरावी-बारावीची पुस्तकं, सोलापूरचा रेल्वे पास, शिकवणीचे पैसे, सगळं त्यातून भागलं.

मंगळसूत्र गहाण टाकू का?

आता खरी परीक्षा पुढे होती. २०२४ साली ती बारावी पास झाली. तिला इंजिनिअर व्हायचं होतं. वर्षाची फी लाखाच्या घरात. एका संध्याकाळी आई एकटीच माझ्या दारात आली. पदरात काही तरी घट्ट धरलेलं होतं.

"बाई, एक जण पैसे द्यायला तयार आहे, महिन्याला शेकडा पाच व्याजाने. मंगळसूत्र ठेवून घेतो म्हणतोय. टाकू का गहाण?"

शेकडा पाच म्हणजे काय, हे तुम्हीच हिशेब करा. एक लाखावर महिन्याला ५,००० रुपये व्याज आणि वर्षाला ६०,००० रुपये. मुद्दल तसंच डोक्यावर! मी म्हटलं, "अक्का, हात जोडते, चार दिवस थांबा."

ते चार दिवस फार मोलाचे ठरले. ८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के शासन भरेल. त्याआधी ही सवलत ५० टक्केच होती. आमची मुलगी इतर मागास वर्गात येत होती!

पण इथे एक खोच आहे. ही सवलत शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेल्या जागेलाच लागू होते. व्यवस्थापनाच्या कोट्यातून पैसे भरून जागा घेतली तर ती मिळत नाही. कुणी तरी तिच्या वडिलांना "आत्ता पैसे भरा, जागा पक्की करतो" असं सांगितलं होतं. त्या नादाला लागले असते, तर मंगळसूत्रही गेलं असतं आणि माफीही गेली असती. आई त्या रात्री पदर सोडून हसली, ते मी विसरणार नाही.

फी माफ झाली म्हणून सगळा खर्च संपला असं मात्र नाही. इतर शुल्क, जाण्यायेण्याचा खर्च, पुस्तकं, ड्रॉइंगचं सामान असतंच. आई अजूनही विड्या वळते. पण व्याज भरण्यासाठी नाही.

तुमच्यासाठी कोणती योजना?

प्रत्येकाची परिस्थिती निराळी, म्हणून योजनाही निराळ्या. काही मुख्य योजना सांगते.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना दहावीनंतर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिची सुरुवात १९४४ सालची आहे. तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. याच विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर जेवण आणि राहण्यासाठी स्वाधार योजना आहे. तीत गावाप्रमाणे वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात.

खुल्या गटातल्या आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे.

आपल्या सोलापुरात घराघरांत विड्या वळल्या जातात. कुंभारीला तर विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहतच आहे. अशा घरांतल्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे. पहिलीला १,००० रुपयांपासून ती सुरू होते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला २५,००० रुपयांपर्यंत जाते. त्यासाठी आई किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या बहुधा घेता येत नाहीत, म्हणून आधी चौकशी करून जास्त उपयोगाची निवडावी.

पालकांनो, एवढं कराच

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र हे निकालानंतर नव्हे, आधीच काढून ठेवा. निकाल लागला की केंद्रांवर रांगा लागतात आणि नेमकी त्याच दिवशी लाईट जाते! व्यावसायिक शिक्षणासाठी जात पडताळणी लागते आणि तिला वेळ लागतो. म्हणून मूल अकरावीत गेलं की कॉलेजमार्फत तो अर्ज करा.

राज्याच्या बहुतेक योजनांचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरतात, तर केंद्राच्या योजनांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आहे. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायला हवा. म्हणून महिन्याने "माझा अर्ज कुठपर्यंत गेला?" असं कॉलेजच्या कार्यालयात नम्रपणे विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढची आपोआप मिळते असं समजू नका.

ज्यांना शंभर टक्के माफी आहे, त्यांच्याकडून माफीची रक्कम प्रवेशाच्या वेळी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत. कुणी मागितली तर शासन निर्णयाची प्रत दाखवा. नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचा निर्णय वाचायची सवय ठेवा. फोनवर कुणी "शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" म्हणालं तर सरळ फोन ठेवा.

आणि तुम्ही काय कराल?

मुलांनो, आमची ती मुलगी आता सोलापुरात इंजिनिअरिंग शिकते आहे. दरवर्षी अर्जाचे दिवस आले की ती गावातल्या मुलांना ओट्यावर गोळा करते आणि सगळ्यांत आधी एकच प्रश्न विचारते, "तुझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय?" पोरं गोंधळतात. मग ती त्यांना आपलं ते जुनं, कुरतडलेलं पासबुक दाखवते.

आज शाळेतून घरी गेलात की आईला विचारा, "माझं पासबुक कुठं आहे?" कपाटात, डब्यात, ट्रंकेत, शालूखाली, कुठं असेल तिथून काढा. शनिवारी बाबांबरोबर बँकेत जा आणि खात्याला आधार जोडलेलं आहे की नाही ते विचारून या. दुसरा किंवा चौथा शनिवार असेल तर मात्र सोमवारी, कारण त्या दोन शनिवारी बँक बंद असते!