काठी कोणत्या हातात?

उजवा खुबा दुखायला लागला की माणूस काठी आणतो आणि उजव्या हातात धरतो. दुखतंय तिकडेच आधार हवा, हे कुणालाही पटेल. ‘हाउस’ या अमेरिकी मालिकेतला नायक तर स्वतः डॉक्टर, पण तोही दुखऱ्या उजव्या पायासाठी काठी उजव्याच हातात घेऊन फिरतो. हाडांचे डॉक्टर मात्र ती डाव्या हातात घ्यायला सांगतात. रुग्ण मान डोलावतो आणि घरी गेल्यावर काठी पुन्हा उजव्या हातात येते, कारण डावा हात का, हे त्याला कुणी समजावलेलं नसतं. ते समजायला शाळेत शिकलेली तरफ पुरते.

चालणं म्हणजे बराचसा वेळ एका पायावर उभं राहणं. नेहमीच्या गतीने चालताना दोन्ही पाय एकदम जमिनीवर असतात ते साधारण एकपंचमांश वेळ. बाकी सगळा वेळ सारं अंग एकाच पायावर तोललेलं असतं. समजा, उजवा पाय टेकलेला आहे आणि डावा उचललेला. शरीराचा भार मधोमध, म्हणजे उजव्या खुब्यापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर पडतो. त्यामुळे कंबर डावीकडे कलंडायला हवी. ती कलंडत नाही, कारण खुब्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला दुसऱ्या बाजूने खाली ओढून धरतात. कमरेच्या जरा खाली, बाजूला हात ठेवून एका पायावर उभं राहिलं की ते ताठ झालेले हाताला लागतात.

म्हणजे खुबा हा टेकू, एका बाजूला शरीराचा भार आणि दुसऱ्या बाजूला स्नायूंचं बल. खरी गोम अंतरांत आहे. भार १० सेंटिमीटरवर, तर स्नायूंची ओढ सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. अंतर निम्मं, म्हणून जोर दुप्पट लावावा लागतो. ६० किलोच्या माणसाचा टेकलेला पाय वजनातून वगळला, तर खुब्याने तोलायचे राहतात ५० किलो. त्यासाठी स्नायूंना १०० किलोइतकं ओढावं लागतं. भार खाली दाबतो आणि स्नायूही खालीच ओढतात, तेव्हा सांध्यावर येतात १५० किलो! हे गणित ढोबळ आहे, स्नायूंची ओढ तिरकी असते. पण बर्लिनच्या संशोधकांनी कृत्रिम खुब्यातच मापकं बसवून रुग्णांना चालवलं, तेव्हाही आकडा शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपासच आला. खुबा दमतो तो वजनापेक्षा तोल सांभाळण्याने. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिश पाउवेल्स यांनी १९३५च्या सुमारास हाडांकडे असं यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहिलं.

आता काठी डाव्या हातात घेऊ आणि तिच्यावर फक्त ५ किलोचा जोर देऊ. ती उजव्या खुब्यापासून ४० सेंटिमीटर तरी लांब टेकते. इतक्या लांबून वर रेटलेले ५ किलो स्नायूंचं ४० किलोचं काम वाचवतात. स्नायूंची ओढ ६० किलोवर येते, अंगाचा भारही ५ किलोंनी उतरतो आणि सांध्यावर राहतात सुमारे १०५ किलो. तीच काठी उजव्या हातात असेल तर तिचा वर येणारा रेटा कंबरेला उलट डावीकडेच ढकलतो. मग माणूस अख्खं धड काठीवर, उजवीकडे झुकवून चालतो. त्याने भार खुब्याच्या जवळ येतो, दुखणं थोडं कमीही होतं, पण कंबर आणि पाठ त्याचा हिशोब नंतर मागतात.

पिशवीचं मात्र काठीच्या उलट. ५ किलोची भाजी डाव्या हातात धरली तर उजव्या खुब्यावर ३०-३५ किलो वाढू शकतात. दुखऱ्या बाजूच्या हातात धरली तर ओझं उलट थोडं कमी होतं. हे ऐकून घरातली माणसं हसतात, पण तरफ तिथेही तीच.

कृत्रिम खुब्याची शस्त्रक्रिया १९६०च्या दशकात रूढ करणाऱ्या जॉन चार्न्ली यांनीही ह्याच दोन अंतरांवर काम केलं. त्यांनी खुब्याची वाटी आत सरकवून बसवली आणि स्नायू जिथे हाडाला चिकटतात ती जागा बाहेर नेली. भाराचं अंतर घटलं, स्नायूंचं वाढलं.

काठीच्या उंचीकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. पायात नेहमीची चप्पल घालून ताठ उभं राहावं आणि हात सैल सोडावा. काठीची मूठ मनगटापाशी आली पाहिजे. मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकतो, तेवढा वाकायलाच हवा. काठी उंच असली तर खांदा उचलला जातो आणि जोर नीट देता येत नाही. काठी पुढे टाकायची ती दुखऱ्या पायाबरोबर. जिना चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा आणि काठी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी.